लाडू ताईने खाल्ले, वास बाळाच्या दुपट्याला काऊन?

बारशाच्या दिवशी ताईच्या सासूबाई अमरावतीहून आल्या, बाळाला मांडीवर घेतलं, ओलं दुपटं बदललं आणि ते नाकाशी नेऊन एकदम थांबल्याच. "काहून गं, याच्या लघवीला पाकासारखा वास येऊन राहिला, गुळाचा पाक थोडासा जळल्यासारखा. साखर तर नाही नं झाली लेकराला?" झालं. घुगऱ्या राहिल्या बाजूला आणि ते दुपटं हातोहात फिरलं. अर्ध्या बायकांना वास आला, अर्ध्यांना नाही, आणि माझी आई म्हणे, "मले तर काहीच नाही येत बापा, तुमचेच नाकं लय तिखट." मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, कारण मी धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, रोज पन्नास-साठ जणांच्या लघवीच्या डब्या माझ्या हाताखालून जातात, त्यामुळे आमच्या खानदानात या विषयाची तज्ज्ञ मीच.

उत्तर स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यात होतं. मेथीचे लाडू. पण "लाडवांचा वास आहे काकू" एवढं सांगून कोणाचं समाधान होत नाही, लाडू ताईने खाल्ले, मग वास बाळाच्या लघवीला कसा, आणि मेथीचा वास पाकासारखा कसा, असे प्रश्न येतातच आणि ते रास्त आहेत. लॅबमध्येही लोक डबी देताना हळूच विचारतात, "मॅडम वास वेगळा येतोय हो, काही सिरियस?" म्हणून एकदा नीट लिहून काढते.

लघवीला मुळात वास कशाचा?

किडनी रक्त गाळते हे सगळ्यांना माहीत आहे, पण ती चहाच्या गाळणीसारखी गाळते असं आपण समजतो ते तितकंसं बरोबर नाही. तिची पद्धत दिवाळीच्या साफसफाईची आहे. आधी खोलीतलं सगळं सामान अंगणात काढायचं, मग कामाचं एकेक उचलून परत आत न्यायचं, आणि जे अंगणात उरलं ते भंगारवाल्याला. दिवसाला साधारण १८० लिटर पाणी किडन्या रक्तातून असं बाहेर काढतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत आत घेतात. अंगात रक्त पाच लिटरच्या आसपास, म्हणजे तेच ते रक्त दिवसातून किती वेळा साफ होत असेल बघा. साखर आत जाते, मीठ लागेल तेवढं आत जातं, पाणीही जातं. पण काल खाल्लेल्या भाजीतलं एखादं बारीकसं केमिकल, ज्याचं शरीराला काहीच काम नाही, ते अंगणातच राहतं. तेच लघवीत येतं.

ताज्या लघवीत ९५ टक्के पाणी असतं, उरलेल्यात मुख्य म्हणजे युरिया आणि वेगवेगळे क्षार. गंमत म्हणजे युरियाला स्वतःचा वास जवळपास नाहीच. बसस्टँडच्या मागच्या भिंतीजवळ नाक दाबून जावं लागतं तो वास नंतर तयार होतो, बॅक्टेरिया युरिया फोडून अमोनिया करतात म्हणून. (म्हणून सांगते, रात्रीची डबी सकाळी अकराला आणून देऊ नका, तिचा वास आणि रिपोर्ट दोन्ही बिघडलेले असतात.)

आता एखाद्या गोष्टीचा वास येण्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, तिचे कण इतके हलके पाहिजेत की हवेत उडून नाकापर्यंत आले पाहिजेत. दोन, नाकात त्यांना ओळखणारं कोणीतरी पाहिजे. त्या ओळखणाऱ्यांना रिसेप्टर म्हणतात, माणसाच्या नाकात त्यांचे सुमारे ४०० प्रकार आहेत. सोसायटीच्या गेटवरचे वॉचमन समजा, प्रत्येक वॉचमन ठरावीक चेहरेच ओळखतो. हा वॉचमन लक्षात ठेवा, पुढे कामाचा आहे.

मग मेथीत असं काय आहे?

मेथीच्या दाण्यात सोटोलोन नावाचं एक केमिकल असतं. आपण मेथीचा वास म्हणतो त्यातला मोठा वाटा याचाच. शरीर त्याला फार काही करत नाही, ते रक्तात जातं, तिथून घामात, लघवीत आणि आईच्या दुधातही उतरतं. ताई रोज सकाळी दोन लाडू खात होती, तिच्या दुधातून ते बाळाच्या पोटात आणि तिथून दुपट्यावर. वाटेत कुठेही चोरी नाही, सगळं सरळ मार्गाने.

पण मग वास पाकाचा का, मेथीचा का नाही? इथे या सोटोलोनची खरी मजा आहे. ते भरपूर असलं तर नाकाला मेथीसारखं, मसाल्यासारखं लागतं, आणि अगदी थोडं असलं तर जळक्या साखरेसारखं, काकवीसारखं. केमिकल तेच, फक्त पातळ झालेलं. आईच्या डब्यात ते दाट आहे म्हणून डबा उघडला की मेथी, आणि बाळाच्या दुपट्यापर्यंत पोचेपर्यंत इतकं पातळ झालं की सासूबाईंना पाक आठवला. त्यांचं नाक शंभर टक्के बरोबर होतं, फक्त निदान चुकलं.

अमेरिका-कॅनडात मेपलच्या झाडाचा रस आटवून सिरप करतात, आपल्या काकवीसारखंच, त्याच्याही वासात हे असतं. म्हणून तिकडे स्वस्तातला नकली मेपल फ्लेवर करायला मेथीचा अर्क वापरतात. २००५ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनभर अचानक गोड सिरपचा वास पसरला, लोकांनी घाबरून फोन केले, कोणाला वाटलं विषारी वायूचा हल्ला आहे, पुढे तीन-चार वर्षं तो वास अधूनमधून येत राहिला आणि शेवटी २००९ मध्ये वाऱ्याची दिशा वगैरे तपासून शोध लागला की नदीपलीकडे न्यू जर्सीत फ्लेवरचा एक कारखाना आहे आणि तिथे मेथीदाण्यावर प्रक्रिया चालते. एवढ्या मोठ्या शहराला जे कोडं चार वर्षं सुटलं नाही ते आमच्याकडच्या कुठल्याही आजीने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, हे आपलं माझं मत.

एकाला वास येतो, दुसऱ्याला नाही, मग खोटं कोण बोलतंय?

कोणीच नाही. आईचं कारण सोपं आहे, तिने आठ दिवस घरात मेथी भाजली, दळली, तुपात भिजवून ठेवली, लाडू वळले. सतत एकच वास येत राहिला की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं, मच्छीवालीला मच्छीचा वास येत नाही तसंच. पण याच्याहून खोल कारणही असतं आणि ते एका परदेशी भाजीमुळे जगाला कळलं.

ॲस्परॅगस. गोकुळपेठेत हल्ली एखाद्या दुकानात त्याच्या हिरव्या काड्यांची जुडी दिसते, हॉटेलात सूपमध्ये मिळतो. आपल्या शतावरीच्याच जातकुळीतला, फक्त शतावरीची आपण मुळं घेतो आणि याचे कोवळे कोंब खातात. त्या कोंबांत गंधक असलेलं एक आम्ल असतं, ते पचताना फुटतं आणि त्यातून मिथेनथायॉलसारखे गंधकाचे हलके कण तयार होतात. गॅस सिलिंडर लीक झाला की जो वास येतो तो गॅसचा नसतोच, मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा असतो, मिथेनथायॉल हे त्याचंच धाकटं भावंड. ॲस्परॅगस खाल्ल्यावर पंधरा मिनिटं ते अर्ध्या तासात लघवीला सडक्या कोबीसारखा वास येऊ लागतो, आणि युरोपात लोक याच्यावर दोन-तीनशे वर्षं लिहीत आलेत. पण काही लोक ठामपणे म्हणायचे, आम्हाला नाही येत. मग वाद असा, की यांच्या लघवीत वास तयारच होत नाही, की यांच्या नाकाला तो कळत नाही?

१९८० मध्ये इस्राएलमधल्या डॉक्टरांनी साधी युक्ती केली. ज्यांना स्वतःच्या लघवीचा वास येत नव्हता त्यांना दुसऱ्याची, वास येणारी लघवी हुंगायला दिली. तिचाही वास आला नाही. म्हणजे भाजीचा दोष नाही, किडनीचा नाही, गेटवरचा वॉचमनच तो चेहरा ओळखत नाही. पुढे २०१६ मध्ये अमेरिकेत ६,९०९ लोकांची माहिती तपासली तर जवळपास ६० टक्के लोकांनी सांगितलं की असा काही वास आम्हाला जाणवत नाही, आणि त्यांच्या जीन्समध्ये, वासाचे रिसेप्टर ठरवणाऱ्या भागात, फरक सापडले. वास तयार न होणारे लोकही असतात असं दुसऱ्या एका प्रयोगात दिसलं, पण ते थोडे.

आम्हीही घरी सूप करून पाहिलं. नवऱ्याला अर्ध्या तासात वास आला, तो बाथरूममधून ओरडतच बाहेर आला. मला काही नाही. लघवीच्या लॅबमध्ये नऊ वर्षं काढलेली बाई आणि माझाच वॉचमन झोपलेला.

तर मुद्दा असा की "वास येतो का" हा एक प्रश्न नाहीच, ते दोन आहेत. शरीरात वास तयार झाला का, आणि हुंगणाऱ्याच्या नाकाला तो कळला का. घरातली अर्धी भांडणं हे दोन प्रश्न एकत्र केल्यामुळे होतात.

सावजी खाल्ल्यावर, कॉफी प्यायल्यावर, गोळी घेतल्यावर?

लसूण. अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो, ठेचली की ॲलिसिन तयार होतं आणि पोटात गेल्यावर त्याच्यापासून गंधकाचे आणखी पदार्थ बनतात. त्यातला एक पदार्थ लिव्हरलाही लवकर फोडता येत नाही, तो रक्तात फिरत राहतो आणि श्वास, घाम, लघवी, दूध सगळीकडून निघतो. सावजी मटण खाऊन तुम्ही कितीही दात घासले तरी तोंडाचा वास जात नाही तो यामुळे, तो दातात नसतोच, फुप्फुसातून येत असतो. १९९१ मध्ये फिलाडेल्फियाच्या मोनेल सेंटरमध्ये बाळंतिणींना लसणाच्या कॅप्सूल दिल्या तर दोनेक तासांनी दुधाला लसणाचा वास आला, आणि बाळं तोंड फिरवायच्या ऐवजी जास्त वेळ दूध पीत राहिली. आमच्या भाच्याचं भविष्य मला तिथेच दिसलं.

कॉफीचेही उरलेसुरले तुकडे लघवीत येतात, कपाच्या वासाची आठवण करून देणारे. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली की लघवी हायलायटर पेनासारखी पिवळीजर्द होते, तो रंग रायबोफ्लेविनचा, बी-२ चा, आणि औषधी वास येतो तोही गोळीचाच. बीटने रंग बदलतो, वास नाही, आणि तेही सगळ्यांना होत नाही. आमच्याकडे एक काका "रक्त जाऊन राहिलं" म्हणत रडवेले होऊन आले होते, रात्री बीटाची कोशिंबीर खाल्ली होती.

आणि आपल्या नागपूरसाठी सगळ्यात मोठं कारण खाणं नाहीच, ऊन आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की सगळं पाणी घामातून जातं, किडनी उरलेलं पाणी धरून ठेवते आणि लघवी थोडी, गडद, उग्र येते. वासाचा माल तेवढाच, पाणी कमी. आटवलेल्या वरणासारखं. सकाळची पहिली लघवी उग्र असते तेही याचमुळे.

गोड वास म्हणजे साखर नाही का?

ही शंका सासूबाईंची एकटीची नाही, आणि तिचं मूळ फार जुनं आहे. मधुमेह हे नावच मधावरून आलं, अशा लघवीला मुंग्या लागतात हे आपल्या जुन्या वैद्यांना माहीत होतं, आणि सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये थॉमस विलिस नावाच्या डॉक्टरने तर चव घेऊन ती गोड असल्याचं लिहून ठेवलंय (आमच्याकडे आता स्ट्रिप असते, देव भलं करो). पण मुंग्या आणि चव, वास नाही. साखर हवेत उडत नाही, घरातला साखरेचा डबा उघडून हुंगा, काही येतं का?

डायबेटीसमध्ये जो वास येतो तो किटोन नावाच्या पदार्थांचा. शरीराला साखर वापरता आली नाही की ते चरबी जाळतं, त्यातून किटोन बनतात, आणि त्यातल्या ॲसिटोनला नेलपॉलिश रिमूव्हरचा किंवा जास्त पिकलेल्या फळाचा वास असतो. नवरात्रात कडक उपास करणाऱ्यांनाही हा वास येऊ शकतो, किटो डाएटवाल्यांनाही, त्यात लगेच घाबरायचं नाही. पण डायबेटीसच्या पेशंटला हा वास येतोय, उलट्या होताहेत, श्वास जोरात चाललाय, गुंगी येतेय, तर घरी बसून लेख वाचायचा नाही, हॉस्पिटल गाठायचं.

मग वासावरून आजार कळतच नाही का?

कळतो, कधीकधी फार महत्त्वाचा कळतो. १९३४ मध्ये नॉर्वेत एका आईची दोन्ही मुलं मतिमंद होती आणि त्यांच्या अंगाला, लघवीला एक विचित्र कुबट वास यायचा. डॉक्टर लक्ष देईनात, पण ती विचारत राहिली. शेवटी फॉलिंग नावाच्या डॉक्टरने त्या लघवीत फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले, ती हिरवी झाली, आणि त्यातून पीकेयू हा आजार सापडला, ज्यात प्रोटीनमधला एक घटक शरीराला वापरता येत नाही. आज तो जन्मल्यावर लगेच पकडला तर आहार बदलून मूल नीट वाढतं. त्या आईचं नाक नसतं तर किती वर्षं गेली असती कोण जाणे.

आणि नेमका पाकाच्या वासाचाही एक आजार आहे, म्हणून मी सासूबाईंना हसले नाही. १९५४ मध्ये डॉ. मेंकेस यांनी एका कुटुंबातल्या चार बाळांबद्दल लिहिलं, चौघंही पहिल्या तीन महिन्यांत गेली आणि त्यांच्या लघवीला मेपल सिरपचा वास होता. प्रोटीनमधले तीन घटक शरीराला फोडता येत नाहीत, ते साठतात आणि मेंदूला बाधतात. तिथेही वासामागे हेच सोटोलोन. हा आजार फार दुर्मीळ, जगात साधारण १,८५,००० जन्मांमागे एक. पण त्यात नुसता वास नसतो, बाळ पहिल्या काही दिवसांतच दूध ओढेनासं होतं, मलूल पडतं, वेगळंच रडतं, झटके येतात. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवर तपासणी होते. आणि उलट गोंधळही झालेले आहेत, बाळंतपणाआधी आईने मेथी खाल्ली म्हणून धडधाकट बाळाला हा आजार असल्याची शंका आली, सगळ्या टेस्ट नॉर्मल निघाल्या, अशी केस २००१ मध्ये एका वैद्यकीय मासिकात आलेली आहे. म्हणून बाळाच्या डॉक्टरांना वास सांगाल तेव्हा लाडूही सांगा. लोक लाडू सांगत नाहीत, त्यांना तो औषधाच्या यादीत वाटत नाही.

मोठ्यांमध्ये सगळ्यात नेहमीचं कारण इन्फेक्शन. वास उग्र, लघवी गढूळ, जळजळ, पुन्हापुन्हा जावं लागणं, ताप. पण नुसत्या वासावरून अँटिबायोटिक आणून खाऊ नका, आधी युरिन रुटीन, लागलं तर कल्चर. आणि खाण्यातला वास एक-दोन दिवसांत जातो. ती वस्तू बंद करूनही जात नसेल तर दाखवायचं.

लिंबूपाणी, जिरेपाणी, डिटॉक्स प्यायलं तर?

पाणी जास्त गेल्याने लघवी पातळ होते आणि वास कमी येतो, त्यात लिंबाचं किंवा साडेचारशे रुपयांच्या पावडरीचं काही कर्तृत्व नाही. किडनी रोज १८० लिटर सामान अंगणात काढून आत ठेवते, तिला आणखी सफाईवाला लागत नाही.

मग मेथी बंद करायची का? लाडवांपुरती नाही. मेथीच्या कॅप्सूल किंवा चमचाचमचा पावडर रोज घेणाऱ्यांनी मात्र, विशेषतः शुगरच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर, डॉक्टरांना सांगूनच घ्यावी, कारण मेथी साखर खाली आणते आणि काही गोळ्यांचा परिणाम वाढवू शकते.

बाळ व्यवस्थित दूध पीत होतं, वजन वाढत होतं, रात्री दोन वाजता आख्खी गल्ली उठवत होतं. तरी मी त्याच्या डॉक्टरांना फोन करून वास आणि लाडू दोन्ही सांगितले, त्यांनी दोन-चार प्रश्न विचारले आणि म्हणाले, डबा संपला की बघा. परवा डबा संपला. काल सासूबाईंचा अमरावतीहून व्हिडिओ कॉल, पहिला प्रश्न तोच, ताईने दुपटं हुंगून सांगितलं की आता नुसता लघवीचाच वास येऊन राहिला. मागे ओट्यावर आईने दुसऱ्या घाण्याची मेथी तुपात भिजवून ठेवलेली होती, तिच्यावर झाकण होतं.